कचेरीचा पिवळा, स्टेशनचा तांबडा

आवड ही ज्याची त्याची असते म्हणतात. असेल बाई. माझ्या घरात दोन शिकलेले पुरुष होते आणि दोघांनाही त्यांची आवड नोकरीबरोबर मिळाली होती. एकाला कलेक्टरकचेरीतून, दुसऱ्याला रेल्वेतून. आम्हा बायकांना पगार नव्हता, तेव्हा आम्हाला आवडही नसणार, असा घरात एकंदर समज होता.

आमचं घर ठाण्याला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. मामंजी होते तोवर घराच्या रंगाबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. दिवाळी जवळ आली की कळव्याच्या बाजूने होडीतून शिंपल्यांचा चुना यायचा, अंगणात भिजायचा, फसफसायचा, आणि घर पांढरं व्हायचं. मामंजींना पांढरा आवडत होता की नाही कोण जाणे. चुना पांढरा असतो म्हणून घर पांढरं, इतकं सोपं होतं ते. मग मामंजी गेले. वर्षभर सण नाही, वार नाही, भिंतीला हात नाही. वर्षश्राद्ध उरकलं आणि पुढे जी दिवाळी आली तिच्या आधी एके दिवशी जेवताना इकडून बोलणं झालं, "यंदा पुढच्या भिंतीला पिवडी देऊ."

इकडून म्हणजे आमच्या यजमानांकडून. आमच्या वेळी नवऱ्याबद्दल असंच बोलायची रीत होती. आता सुना ऐकतात आणि पदराआड हसतात. हसू देत. पिवडी म्हणजे पिवळी माती. चुन्यात कालवली की अगदी कचेरीच्या भिंतीचा रंग होतो, आणि स्वारीचा सगळा जीव त्या कचेरीत. तिथे कारकून होते ते. साहेबाचा बंगला पिवळा, कचेरी पिवळी, मग आपलं घर का पांढरं? पिवळ्याला म्हणे भारदस्तपणा असतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच रंगाच्या चार भिंतींत मान मोडून लिहायचं, आणि घरी येऊन पुन्हा तोच रंग बघायचा, यात कसलं सुख हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पलीकडच्या पाटावर धाकटे भावोजी जेवत होते. ते रोज सकाळच्या गाडीने कल्याणला जात, तिथे मालधक्क्यावर कारकून होते. रेल्वे म्हणजे तेव्हा नवलाई, आणि भावोजी त्या नवलाईतले. ते म्हणाले, "पिवळ्यावर डाग दिसतात, दादा. तांबडी काव द्यावी. कल्याणचं स्टेशन पाहा, गाडीचा इतका धूर, पण भिंत कशी तांबडी लखलखीत."

"आपल्या घरावरून गाडी जाते का?"

"कचेरी तरी कुठे भरते इथे?"

मला हसू आलं होतं ते मी ताकाच्या वाटीत लपवलं. पण बोलणं वाढत गेलं. दोघे शांत स्वभावाचे, जन्मात कुणावर हात न उगारलेले. आणि भांडले ते मातीच्या दोन ढिगांवरून. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी भावोजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि ताटाकडेच बघून म्हणाले, "घरात आपलं काही चालणारच नसेल तर चुली वेगळ्या केलेल्या बऱ्या."

इथे माझं हसणं संपलं. माझ्याशेजारी धाकट्या जाऊबाई वाढत होत्या, त्यांच्या हातातली पळी भांड्यावर वाजली.

आमच्या दोघींचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, वेगळ्या चुलीचं एवढं काय. जावाजावांना तर तेच हवं असतं. असतं काही ठिकाणी. मला सख्खी बहीण नाही. ही मुलगी या घरात आली तेव्हा तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, ती मी घातली. पुढे मी बाळंतपणात तापाने फणफणले, वाचते की मरते अशी गत झाली, तेव्हा माझ्या थोरल्याला तिने आपल्या मुलीबरोबर अंगावर पाजला. एक इकडे, एक तिकडे. तिला काय दुखलंखुपलं ते मला तिच्या पोळीच्या आकारावरून कळे. दिवसभर आम्ही त्या एका चुलीपाशी बोलत बसायचो, आणि त्या बोलण्यासाठी मी सासरचं बाकी सगळं सोसलं, हे मी आता उघड सांगते. चूल वेगळी होणं म्हणजे दोन भांडी इकडे, दोन तिकडे, एवढंच पुरुषांना दिसतं. मला त्यात माझं माणूस जाताना दिसत होतं.

त्या वर्षी चूल वाचली, पण घराची शोभा झाली. दोघा भावांनी तोड काढली की पुढची भिंत अर्धी अर्धी. दाराच्या बरोबर मधून ओळंबा सोडला. डावीकडे पिवळी, उजवीकडे तांबडी. दारावर गणपतीचा कोनाडा होता, तोही मधोमध चिरला गेला. एक कान कचेरीत, एक कान स्टेशनात. बाळकुमची एक बाई आमच्याकडे मीठ घालायला यायची, ती पाटी डोक्यावर तशीच ठेवून भिंतीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काय गो बाय, घराच्या वाटण्या झाल्या का काय?" मी म्हटलं, "नाही गं, हौस आहे." म्हणाली, "अशी कंची हौस?" यावर मी काय बोलणार, कप्पाळ.

त्यात दोघांनाही घाई, म्हणून डिंकाचं पाणी कमी पडलं आणि रंग अंगाला लागायला लागला. ओसरीवर येणारा माणूस भिंतीला टेकून बसणार, हे ठरलेलंच. यजमानांकडे आलेला डावीकडे टेके आणि पाठ पिवळी करून जाई. भावोजींकडचा तांबडी घेऊन जाई. म्हणजे आळीत कोण कुणाच्या बाजूचा, ते पाठीवरून कळू लागलं. आमचे भटजी सत्यनारायणाला आले ते मधोमध दाराला टेकले आणि दोन्ही रंग घेऊन गेले. लोक म्हणाले, दक्षिणा दोन्हीकडची घ्यायची तर असंच बसावं लागतं.

गावाला करमणूक झाली, घराला नाही. भिंतीवर एकदा रेघ पडली की ती आत यायला वेळ लागत नाही. यजमान म्हणायचे, माझ्या बाजूच्या कट्ट्यावर त्याची काठी कशी? भावोजी म्हणायचे, दारातला दिवा दर वेळी पिवळ्या बाजूलाच का लागतो? चुलींची गोष्ट महिन्यातून एकदा तरी निघायचीच. आणि ती निघाली की जाऊबाई माझ्याकडे बघत, मी त्यांच्याकडे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. आमच्या इथे अजून फक्त भिंत फिरली होती, वाशांची पाळी यायची होती.

पुढची दिवाळी जवळ आली. दोघांनी आपापला रंग आणून ठेवला, पिवडीची पोती एका कोपऱ्यात, कावेची दुसऱ्यात. यंदा अख्खी भिंत माझीच, असं दोघांनीही आपापल्या बायकोला बजावलं होतं. म्हणजे यंदा काही धडगत नव्हती. दुपारी आम्ही अंगणात तांदूळ पाखडत बसलो होतो. जाऊबाईंचं सूप थांबलं. त्या म्हणाल्या,

"जाऊबाई, दोन्ही माती एकाच पिंपात घातली तर?"

"तर काय?"

"तर दोघांचंही ऐकल्यासारखं होईल."

"अगं, पण ते बघतील ना. डोळे आहेत त्यांना."

"आहेत. पण इतक्या वर्षांत कधी काही बघितलंय का त्यांनी?"

या पोरीला मी वेणी घालायला शिकवलं होतं, हे मला त्या क्षणी खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी दोघे नोकरीवर गेले आणि गडी आले. आम्ही दोन्ही पोती चुन्यात ओतली. डिंक मात्र या वेळी भरपूर घातला. मोठा चाटू घेऊन दोघींनी ढवळलं. कधी पिवडी जरा वाढव, कधी काव. कुठे थांबायचं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण एका जागी दोघींचे हात एकदमच थांबले. संध्याकाळपर्यंत भिंत एकरंगी झाली. दारावरचा गणपती पुन्हा अखंड झाला, त्याचंच मला जास्त बरं वाटलं.

आता खरी परीक्षा. स्वारी आधी आली. मी पाय धुवायला पाणी देता देता म्हटलं, "भावोजींनी यंदा मान राखला हो मोठ्या भावाचा. पण बोलून दाखवू नये. त्यांना ओशाळल्यासारखं होईल." स्वारी अंगणात जाऊन उभी राहिली. वर पाहिलं, खाली पाहिलं, मागे सरून पाहिलं. मग म्हणाले, "आता कसं कचेरीसारखं दिसतंय." मी देवाघराकडे तोंड करून पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने भावोजी गाडीवरून आले. त्यांना दारातच जाऊबाईंनी गाठलं; तेच शब्द, फक्त मोठ्या भावाच्या जागी धाकटा. ते म्हणाले, "दादाला पटलं शेवटी. स्टेशनाचा रंग तो स्टेशनाचा रंग."

सकाळच्या लख्ख उजेडातही दोघांनी पुन्हा पाहिला. एकाला पिवळा दिसला, एकाला तांबडा. मला आधी हसू आलं, मग जरा भीती वाटली. हीच माणसं कागदांवर सह्या करतात आणि त्यावर लोकांचे निवाडे होतात.

पण काय सांगू, पुढचे महिने फार सुखाचे गेले. जिंकलेला माणूस इतका गोड वागतो हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या घरात तर दोघे जिंकलेले होते. यजमान आपल्या पानातली खरवसाची वडी उचलून भावाच्या पानात ठेवायचे. भावोजी कल्याणहून येताना दादाला आवडतो म्हणून तपकिरीचा पुडा आणायचे. एकमेकांकडे बघायचे तेही कसे, हरलेल्या माणसाला सांभाळून घेतात तसे. चुलींचं नाव कुणी काढलं नाही. आम्ही दोघी चुलीपाशी बसून पोट दुखेपर्यंत हसायचो. तसं हसणं मला पुढे कधी मिळालं नाही.

चैत्रात कल्याणचे एक वजनदार गृहस्थ आमच्याकडे आले. न्यायखात्यातून पेन्शनीत निघालेले, पंचक्रोशीत त्यांचा शब्द म्हणजे निकाल. ते कल्याणला नवं घर बांधत होते. ओसरीवर दोघे भाऊ, पाहुणे झोपाळ्यावर, आणि आम्ही दाराआड कैरीची डाळ नि पन्हं घेऊन उभ्या. पाहुण्यांनी अंगणातून येतानाच भिंतीवर नजर टाकली होती. बसल्यावर म्हणाले, "घराला रंग फार सुरेख दिलाय हो. असा मी मुंबईलाही पाहिला नाही. कुणाची निवड?"

"माझी," दोघे एकदम म्हणाले.

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. यजमान म्हणाले, "धाकट्याच्या मनात काव होती. पण मग त्याने माझं ऐकून पिवळा मान्य केला."

"मी?" भावोजी म्हणाले. "दादा, मान्य तुम्ही केलंत. हा तांबडा आहे."

पाहुणे चष्मा पुसून भिंतीशी गेले. "पिवळा कुठला? आणि तांबडा तरी कुठे? अहो, पायरी आंब्याचा गाल असतो तसा आहे हा. दोन्ही मिसळलेत कुणीतरी. ज्याने मिसळले त्याचं नाव सांगा, मला तसाच हवा." मग पन्हं प्यायले, पुन्हा एकदा वाखाणणी केली आणि दुपारच्या गाडीने गेले. इतकं साधं, सज्जन बोलून एखाद्याचं घर मोडता येतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार.

ते वळणाआड गेले आणि आम्हाला हाक आली. "कुणी केलं हे?"

"आम्ही दोघींनी," जाऊबाई म्हणाल्या. आवाज जराही कापला नाही.

वाटलं होतं, चिडतील, ओरडतील, मग कधीतरी हसतील. सुंदर झाला होता ना रंग? वजनदार माणसाने तोंडावर सांगितलं होतं ना? पण रंगाचं दुःख त्यांना नव्हतंच. इतके महिने दोघेही भावावर उपकार केल्यासारखे वागले होते. वड्या दिल्या होत्या, तपकीर आणली होती. आणि आता कळलं, की जिंकलो नव्हतोच, उगीचच उदार झालो. ते काही त्यांना गिळेना. भांडणाचा राग निवतो. फुकट गेलेल्या मोठेपणाचा राग निवत नाही, हे मी तेव्हा शिकले. वरून दोघांना एकमेकांच्या बायकोत खोट दिसली. यजमान म्हणाले, धाकटीने फूस लावली. भावोजी म्हणाले, वहिनींचं डोकं. भिंत तिथेच राहिली बाजूला, पुढे आम्हीच झालो भांडणाला कारण.

मी पाया पडले. स्वाभिमान गुंडाळून ठेवून भावोजींच्या पुढे पदर पसरला, म्हटलं, मला काय बोलायचं ते बोला, पण हे करू नका. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण आता एकत्र जमायचं नाही." दोघेही मोठे सज्जन. सज्जनांचा हट्ट सुटत नाही. दुर्जनाला निदान लाज तरी घालता येते.

वैशाखात पंच बसले. माजघरातून आणि स्वयंपाकघरातून विटांची भिंत घातली, वर मातीचा गिलावा. पुढच्या भिंतीचं काय करायचं ते मात्र ठरेना, कारण तो रंग आता दोघांनाही नको होता. म्हणून तो तसाच राहिला. येणारे जाणारे थांबून बघत नि विचारत, कुणी दिलाय हो.

वेगळी चूल मांडायची तर पहिला विस्तव जुन्या चुलीतला न्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत. जाऊबाई सकाळीच खापर घेऊन आल्या. आता मधे भिंत, त्यामुळे अंगणाला वळसा घालून पाहुण्यासारख्या पुढच्या दाराने आल्या. मी चिमट्याने निखारे घातले. निखारे पुरे झाले तरी मी घालत होते. त्या म्हणाल्या, "बास, जाऊबाई, हात भाजतोय." मग गेल्या. मी त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं.

पावसाळा संपता संपता यजमान एका व्याख्यानाला गेले होते. विषय स्त्रियांची उन्नती. वक्ते मुंबईचे होते. व्याख्यानाचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी जेवताना, लग्नानंतर पहिल्यांदाच, इकडून मला विचारणं झालं. समोर ती मधली भिंत, अजून मातीचीच. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "दिवाळी येतेय. हिला कोणता रंग द्यावा? तू सांगशील तो. पिवळाच असं काही नाही."

खोटं कशाला बोलू, ते मनापासून विचारत होते. त्यांच्या परीने समेट होता तो. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, "पलीकडून जो दिला असेल, तोच द्यावा."

त्यांचा घास थांबला. भावाशी बोलणं बंद होतं, विचारणार कसे? मग मोलकरणीला बोलावून म्हणाले, "पलीकडे जा, आणि भिंतीला आतून कोणता रंग देणार आहेत, सहज विचारून ये. मी विचारलं म्हणू नकोस."

ती अंगणाला वळसा घालून गेली आणि वळसा घालून परत आली. म्हणाली, "तिकडं बी कालपास्नं हेच चाललंय. मालक विचारत्यात कंचा रंग, अन् बाई म्हनत्यात, पलीकडं असंल तो."

भिंतीपलीकडे तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. स्वारी पाटावरून उठली नाही, जेवलीही नाही. मी वाट बघत होते. चार पावलांचं अंगण होतं.

ती भिंत मातीचीच राहिली. पुढे कितीतरी वर्षं दोघे भाऊ तिच्यासमोर बसून जेवले, एक या अंगाने, एक त्या अंगाने. आणि उठून पलीकडे जाऊन विचारणं दोघांपैकी एकालाही शेवटपर्यंत जमलं नाही.